मेजावरचा फळा

नागपूरच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या पंधरवड्यांत आमच्याकडे आलें. त्यांचे श्वशुर सेवानिवृत्त असून घरचा हिशेब, पत्रव्यवहार आणि थोडेंबहुत लेखन ते मेजावरच्या संगणकावर करतात. जुना पडदा निकामी होत आला आहे, नवा घ्यावयाचा आहे, आणि दुकानदार म्हणतो, "साधा पडदा आतां कोण घेतो? बोट लावून चालणारा घ्या." त्याची किंमत साध्याहून पुष्कळ अधिक. तो घ्यावा कीं न घ्यावा, असा भगिनींचा प्रश्न आहे. आणि 'आम्ही शाळामास्तर, आम्हांस यंत्रांतलें काय समजतें, असें म्हणून टाळूं नये,' अशी पुस्तीही त्यांनीं जोडली आहे.

टाळीत नाहीं. कारण या विषयाचें शिक्षण आम्हीं निवृत्तिवेतनांतून पदरमोड करून घेतलें आहे. आणि त्यांत आमची जी एक चूक उघडकीस आली, ती सांगितल्यावांचून उत्तर पुरें होणार नाहीं.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों, आणि ३४ वर्षें तेंच मुलांस शिकवीत आलों. निवृत्त झाल्यावर आमच्या गुरुजींच्या हातच्या सात वह्या संगणकावर उतरवून काढण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें. वह्यांची शाई उडत चालली आहे, कागद घडीवर तुटतो, आणि गुरुजींचें अक्षर लागणारे आतां आम्ही दोघे-तिघेच उरलों आहों. रोज सकाळीं तीन तास हें काम चालतें. गेल्या वर्षीं आमच्या जुन्या पडद्यावर एक उभी हिरवी रेघ दिसूं लागली. त्या सुमारास धाकटे चिरंजीव पुण्याहून आले होते, ते म्हणाले, "अप्पा, घेतच आहांत तर टचस्क्रीन घ्या. बोट लावलें कीं काम."

आम्हांसही मोह पडला. क्रियेला सर्वांत अधिक उपकारक जें साधन त्यास व्याकरणांत करण म्हणतात, आणि हाताला आपण कर म्हणतों. मग कर हाच करण होत असतां मध्यें तें माउस नांवाचें शेपटीचें लांकूड कशाला, असा आमचा कोटिक्रम होता. कोटी चांगली होती. खांद्यास ती मानवली नाहीं.

पडदा आला त्या संध्याकाळीं चित्र स्वच्छ दिसे, पण बोट लावून कांहीं हालेना. आम्हीं दोन तास त्यावर बोटें आपटलीं. शेवटीं चिरंजीवांनीं फोनवरून विचारलें, "अप्पा, दुसरी वायर लावलीत का?" संगणकाकडून चित्र एका तारेनें येतें आणि स्पर्शाची वार्ता उलट जाण्यासाठीं बहुधा यूएसबीची निराळी तार लागते, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. ती खोक्याच्या तळाशीं होती.

ह्या कांचेचें रहस्य मोठें गमतीचें आहे. तिच्यावर इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडाचा, डोळ्यांस न दिसणारा, विद्युद्वाहक थर जाळीसारखा दिलेला असतो. आपलें शरीरही विजेचें वाहक. म्हणून बोट टेकतांच त्या ठिकाणची विद्युद्धारणा बदलते, आणि ती जाळीच्या कोणत्या उभ्या-आडव्या रेघांपाशीं बदलली हें यंत्र मोजून काढतें. म्हणूनच लोकरी हातमोज्यांतून बोट लावलें तर त्यास बहुधा पत्ता लागत नाहीं, आणि ओलें बोट लावलें तर भलतेंच कांहीं उघडतें. आम्ही पूजा आटोपून कामास बसतों. पहिल्या आठवड्यांत पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यांत, जेथें खिडकी मिटण्याची फुली असते तेथें, अष्टगंधाचा एक लहानसा टिळाच जमला. तो पुसावयास गेलों तर फुली दाबली जाऊन सकाळचें काम मिटलें. पडदा पुसण्यापूर्वीं यंत्र बंद करावें, हा धडा तेव्हां मिळाला.

तीन आठवड्यांनीं उजवा खांदा भरून आला. प्रथम वाटलें, वयोमान. मग एके दिवशीं फडताळांतला जुना डस्टर हाताशीं लागला, आणि हें दुखणें आपल्या चांगल्या ओळखीचें आहे हें ध्यानांत आलें. फळ्यावर लिहून ज्याचा खांदा कधीं भरून आला नाहीं असा मास्तर आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु फळ्यावर मास्तर सलग लिहीत नसतो. दोन ओळी लिहितो, वळतो, अर्थ सांगतो, एखाद्यास उभें करतो. त्या बोलण्यांत हाताला विसावा मिळतो. ज्यास खरोखर बराच वेळ लिहावयाचें आहे, त्या मुलाला आपण फळा देत नाहीं, पाटी देतों. आणि पाटी मांडीवर असते. पेढीवरचा मुनीमही दिवसभर लिही, तो उतरत्या ढाळजीवर, कोंपर टेकवून. संगणकाचा पडदा मेजावर ताठ उभा असतो. तो फळा आहे. फळ्याचा धर्म दाखविणें. त्यावर तीन तास हात चालवावयास लावणें हा त्याच्यावर आणि आपल्यावर अन्याय आहे. इंग्रजींत या दुखण्यास 'गोरिला आर्म', म्हणजे गोरिलाचा हात, असें थट्टेचें नांवही पडलेलें आहे. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनीं ऑक्टोबर २०१० मध्यें एका जाहीर समारंभांत स्पष्ट सांगितलें होतें कीं, उभ्या पडद्यावरचा स्पर्श लोकांस दाखवावयास फार छान, पण थोड्याच वेळांत हात थकतो. आणि तें त्यांनीं पुष्कळ प्रयोग करून पाहिल्यावर सांगितलें.

'मग फोनवर कसें दुखत नाहीं?' असें कोणी विचारील. फोन आपण छातीच्या खालीं, कोंपर अंगाशीं ठेवून धरतों. ती पाटीच आहे.

दुसरी अडचण डोळ्यांची. वाचावयाचा पडदा सुमारें हातभर लांब असावा, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत किंवा किंचित् खालीं असावी, असें सांगतात आणि अनुभवही तोच आहे. परंतु तेवढ्या लांब ठेवला तर बोट लावण्यासाठीं प्रत्येक वेळीं पुढें वांकावें लागतें. आणि जवळ ओढला तर आमच्या दुहेरी चष्म्यांतून मान वर-खालीं करून अक्षर शोधावें लागतें. डोळ्यास पडदा लांब हवा, हातास जवळ हवा. शिवाय बोट टेकलें कीं पडदा आपल्या पायावर डुलतो, आणि त्याची कांच चकचकीत असल्यामुळें मागच्या खिडकींतलें जास्वंदीचें झाड गुरुजींच्या अक्षरांत मिसळतें.

आणि खरें काम तर अक्षरांचेंच. गुरुजींच्या वहींत एखाद्या शब्दाचा अनुस्वार राहून गेला आहे. तो घालण्यासाठीं दोन अक्षरांच्या मधोमध खूण न्यावयाची. बोटाच्या टोंकाची रुंदी जवळजवळ एक सेंटिमीटर. तें पडद्यावर टेकलें कीं जें अक्षर दुरुस्त करावयाचें तेंच झांकलें जातें. माउसचा बाण अक्षराच्या वेलांटींतही शिरतो, आणि तो अक्षर झांकीत नाहीं. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ मध्यें दाखवून दिलें आहे कीं लक्ष्य जितकें लहान आणि जितकें दूर, तितका तेथें नेमका हात पोंचण्यास वेळ अधिक. अनुस्वाराहून लहान लक्ष्य कोणतें असणार!

टंकलेखन तर या कांचेवर करूंच नये. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविलेली 'इन्स्क्रिप्ट' ही कळांची मांडणी आम्ही वापरतों. तिचा जो कोणी कर्ता असेल त्यानें वर्णमाला पाठ केलेली होती यांत शंका नाहीं. स्वर डाव्या हाताला, वर्गीय व्यंजनें उजव्या हाताला. क ची कळ शिफ्टसह दाबली कीं ख, ग ची दाबली कीं घ, त ची दाबली कीं थ. अल्पप्राण आणि महाप्राण एका घरांत नांदतात. इंग्रजी एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जनींस तो लागला कीं न पाहतां सर्व वर्णमाला हाताखालीं येते, आणि डोळे वहीवर राहूं शकतात. पडद्यावर उमटणाऱ्या कळा सपाट. त्या पाहिल्याशिवाय दाबतां येत नाहींत, आणि पाहावें तर वही सुटते.

हा पडदा काल निघालेला चमत्कार आहे अशी समजूत मात्र कोणी करून घेऊं नये. इंग्लंडांत माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधील ई. ए. जॉन्सन यांनीं १९६५ सालींच विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांसाठीं असा पडदा सुचविला होता. १९७२ मध्यें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या शिक्षणयंत्राच्या चौथ्या आवृत्तींत १६ गुणिलें १६ घरांचा स्पर्शपडदा होता. विद्यार्थ्यानें उत्तरावर बोट ठेवावयाचें. मास्तर या नात्यानें आम्हांस ही योजना मनापासून आवडली, कारण मूल बोट ठेवतें एकदां आणि विचार करतें चांगला मिनिटभर. १९८३ मध्यें ह्यूलेट-पॅकार्डनें एचपी-१५० हा मेजावरचा संगणक विकावयास काढला. त्याच्या ९ इंची पडद्याच्या चौकटींत भोकें असून त्यांतून अदृश्य किरण आडवे-उभे जात, आणि बोटानें ते अडले कीं जागा समजे. भोकांत धूळ सांचे, ती काढीत बसावें लागे. त्यानंतर मोठा प्रयोग मायक्रोसॉफ्टचा. ऑक्टोबर २०१२ मध्यें विंडोज ८ आलें, तेव्हां बोटाच्या सोयीसाठीं पहिलें पान मोठमोठ्या चौकटींचें केलें आणि कोपऱ्यांतलें 'स्टार्ट'चें बटन काढून टाकलें. मेजावर बसून काम करणारे लोक रागावले. २०१३ मध्यें बटन परत आलें, २०१५ च्या विंडोज १० मध्यें त्यामागची जुन्या धर्तीची यादीही परत आली.

आमच्या घरांत जें घडलें त्याचा उलगडा मात्र ह्याहून निराळ्या एका जुन्या प्रयोगांत आहे. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें डग्लस एंगलबर्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं १९६४ च्या सुमारास पहिला लांकडी माउस केला. तो चांगला, कीं पडद्यालाच टेकवावयाची प्रकाशलेखणी चांगली, याची त्यांनीं घड्याळ लावून परीक्षा घेतली. ती १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. सरावलेल्या माणसाचें काम माउसनें अधिक लवकर आणि कमी चुकांनीं झालें. परंतु नवख्या माणसास, थेट पडद्यावर टेकवावयाची म्हणून, लेखणीच आधीं साधली.

आतां आमची चूक. आमची कन्या बंगलोरास असते. रविवारीं सायंकाळीं संगणकावर समोरासमोर बोलणें होतें. चार वर्षें त्याचा क्रम असा, कीं आम्हीं यंत्र सुरू करावें, माउसनें सर्व उघडून द्यावें, आणि मग सौभाग्यवतींस खुर्ची द्यावी. आम्ही गांवांत गेलों असलों कीं बोलणें राहून जाई. आरंभीं तिला माउस शिकविण्याचा उद्योग आम्हीं आठ दिवस केला होता. तिच्या बोटांच्या पेरांस संधिवात आहे. माउस ती मुठींत धरी; दोनदां पटकन् दाबावयास गेली कीं हातच सरके, बाण भलतीकडे जाई, आणि तो शोधतांना हाताखालीं काय आहे हें विसरे. आम्ही मागें उभे राहून "अगं, उजवीकडे! उजवीकडे!" असें म्हणत असूं. नवव्या दिवशीं ती म्हणाली, "पुरे झालें. मला नाहीं जमत. शाळेंत मुलांनाही असेंच शिकवत होतां का?" आम्ही हंसलों, आणि तिला जमत नाहीं असा निकाल लावून मोकळे झालों.

नवा पडदा येऊन दोन आठवडे झाले असतील. बँकेंतून परत येतों तों दारांतच नातीचा आवाज ऐकूं आला. आंत पाहिलें तर सौभाग्यवती खुर्चीवर, पदराला कणकेचे हात पुसलेले, आणि समोर सबंध पडदाभर नात आपला पडलेला दांत दाखवीत आहे. दिवस मंगळवारचा होता. आम्हीं विचारलें, "लावून कोणीं दिलें?"

"कोणीं म्हणजे? तिच्या चित्रावर बोट ठेवलें, लागलें," ती म्हणाली. मग मागें न पाहतां, "इतकें सोपें होतें, तर चार वर्षें मला बोलत कशाला होतां, अहो?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. शब्दरूपें न येणारा विद्यार्थी समोर आला कीं आम्ही पाठ बदलीत असूं. एका रीतीनें न कळलें तर दुसऱ्या, दुसरीनें नाहीं तर तिसऱ्या. ३४ वर्षांत कोणा मुलाच्या कपाळीं 'जमत नाहीं' असा शिक्का मारला नाहीं, ही आमची लहानशी प्रौढी आहे. घरांत मात्र दोष हाताचा नसून हातांत दिलेल्या वस्तूचा असेल, ही शंका चार वर्षांत एकदांही मनाला शिवली नाहीं. तिचे किती मंगळवार गेले असतील, याचा हिशेब त्या रात्रीं आम्ही करीत पडलों होतों.

तिचा खांदा दुखत नाहीं. अर्ध्या तासाच्या बोलण्यांत तिचें बोट पडद्यास चार वेळां लागतें. आमचें एका तासांत शंभरावर वेळां लागे. शिवाय तिनें आपल्यापुरती सोयही करून घेतली. पडदा मेजाच्या कडेला ओढून, जेवढा मागें कलतो तेवढा कलता केला, आणि कोंपर मेजावर टेकवलें. म्हणजे फळ्याची होईल तितकी पाटी केली. पण मग सकाळीं आम्हांस तो पुन्हा उभा आणि दूर करावा लागे, संध्याकाळीं तो पुन्हा कले, आणि या उचलाउचलींत दोन्ही पक्षीं शब्द जाऊं लागले. चिरंजीव म्हणाले, आईसाठीं टॅब घ्या, याहून स्वस्तांत पडेल. बोलणें बरोबर होतें, आणि पुष्कळ घरांत तेंच करावें. आमच्याकडे तें चाललें नाहीं. कारण टॅबवर नातीचें तोंड लहान दिसतें, आणि सौभाग्यवतींच्या एकाच डोळ्यांतला मोतीबिंदु अद्यापि काढलेला आहे.

शेवटीं आम्हीं एक साधा, न चमकणाऱ्या कांचेचा पडदा पुन्हा विकत घेतला. एकाच संगणकास दोन्ही जोडले आहेत. त्यांतही प्रथम असें होई कीं तिनें आपल्या पडद्यावर नातीच्या चित्रास बोट लावावें, आणि बाण आमच्या पडद्यावर, गुरुजींच्या चौथ्या वहींत, प्रकट व्हावा. कोणता पडदा स्पर्शाचा हें विंडोजला एकदां सांगावें लागतें. तें चिरंजीवांनीं फोनवरून सांगितल्यावर हा उपद्रव थांबला. गुरुजींच्या वह्या आम्ही आतां माउसनें आणि कीबोर्डनें उतरवितों, आणि खांदा उतरला आहे.

स्पर्शाच्या पडद्यास जागा नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. मुंबईच्या लोकलच्या स्थानकांवरील तिकिटांच्या यंत्रांपुढें मनुष्य उभा असतो, चार-पांच वेळां बोट लावतो आणि निघून जातो. तेथें माउस ठेवणें हें वेडेपण होईल. चित्रकार आणि आराखडे काढणारे यांच्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें २०१६ मध्यें 'सरफेस स्टुडिओ' हा संगणक काढला. त्याचा २८ इंची पडदा मेजापासून केवळ २० अंशांपर्यंत खालीं निजवितां येई, आणि त्यावर लेखणीनें काढावयाचें. त्यांनीं ढाळज केली, फळा केला नाहीं, हें आम्हांस शहाणपणाचें वाटलें.

तेव्हां, भगिनी, आपल्या श्वशुरांस हिशेब आणि लेखन करावयाचें असेल आणि माउस त्यांच्या हाताचें ऐकत असेल, तर साधा पडदा घ्यावा. वांचलेल्या पैशांत तो थोडा मोठा व न चमकणाऱ्या कांचेचा घ्यावा, किंवा खुर्ची चांगली घ्यावी. माउस हाताचें ऐकतो कीं नाहीं हें मात्र त्यांस विचारूं नये, कारण आमच्या पिढीचें उत्तर ठरलेलें आहे. दोन दिवस जवळ बसून पाहावें. हात कांपत असेल, पेरें दुखत असतील, बाण शोधण्यांतच वेळ जात असेल, तर जास्तीचे पैसे वाया जाणार नाहींत. आणि घरांत सासूबाई असल्या तर त्यांचाही हात पाहावा. दुकानांत बोट लावून पाहूं नये असें नाहीं, पण तेथें पडदा उंच फळीवर असतो, आपण उभे असतों, आणि दोन मिनिटांत सर्वच गोड वाटतें. श्वशुरांस बरोबर न्यावें, त्यांना मेजाशीं बसवावें, आणि त्यांच्या स्वतःच्या हिशेबाचें एक पान त्या पडद्यावर अर्धा तास करूं द्यावें. दुकानदार खुर्ची देत नसेल तर दुसरें दुकान पाहावें.